मोटारीचा क्लच आणि कोंडलेल्या द्रवाचा दाब

औंढा नागनाथाचें नांव काढलें कीं आमच्या वाचकांस तेथील ज्योतिर्लिंग आठवतें, आणि विसोबा खेचरांनीं नामदेवांस उपदेश केल्याची कथाहि आठवते. अलीकडे त्या क्षेत्राशीं एक निराळीच गोष्ट जोडली गेली आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. ती औंढ्याच्याच परिसरांत व्हावयाची आहे. अमेरिकेंतील अशा वेधशाळांत जमिनीची थरथर यंत्रास पोहोंचूं नये म्हणून जे आधार दिले आहेत, त्यांतील सर्वांत बाहेरचा थर द्रवाच्या दाबावर चालतो. इतक्या नाजूक कामीं येणारा हाच नियम जुन्या मोटारीच्या क्लचांत चालकाच्या पायाखालीं मुकाट्यानें राबत असतो.

नियम पास्कालचा. द्रवांच्या समतोलावरील त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर एका जागीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोंचतो. म्हणून लहान नळकांड्यावर थोडें बळ लावून मोठ्या नळकांड्यांत पुष्कळ बळ मिळवितां येतें. सिद्धान्त सोपा, परंतु तो लोखंडांत उतरण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. जोसेफ ब्रॅमा यानें जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें तें १७९५ सालीं. अडचण होती दट्ट्याच्या कडेची. तेथील बांधणी घट्ट करावी तर दट्ट्या हलेना, सैल ठेवावी तर पाणी निसटे. ब्रॅमाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले यास यावरील तोडग्याचें श्रेय देतात. त्यानें चामड्याचें असें कडें बसविलें कीं आंतील दाब वाढला म्हणजे त्याची कड आपोआप अधिक घट्ट बसावी. आम्हांस तर ही युक्ति मूळ सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते.

मोटारींत हें सर्व आलें तें प्रथम ब्रेकाच्या रूपानें. माल्कम लॉकहीड याच्या कल्पनेवर बेतलेले द्रवाचे ब्रेक १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडींत चारहि चाकांस होते. पुढें चामड्याची जागा रबरी वाटीनें घेतली. खनिज तेलानें नैसर्गिक रबर फुगतें व कुजतें. म्हणून प्रारंभींचा द्रव एरंडेल आणि मद्यार्क यांच्या मिश्रणाचा असे. आपल्या घरोघरीं मुलांस नाक दाबून पाजलेलें एरंडेल परदेशच्या मोटारींत असें मानानें मिरवत होतें! कालांतरानें ग्लायकोलचे द्रव आले. ते हवेंतील ओलावा शोषतात, आणि त्या ओलाव्यानें नळकांड्याच्या भिंतीस गंज चढतो. एंजिनाचें तेल या भांड्यांत ओतणें म्हणजे मात्र रबराचा घातच.

क्लचाची पाळी नंतर आली. एंजिन रबरी गाद्यांवर डुलूं लागलें तशी पायडल व क्लच यांमधील ताठ दांडी गैरसोयीची झाली. वांकविलेली नळी बरी. १९५५ च्या एमजीए या दोन बैठकींच्या गाडींत ब्रेक व क्लच यांचीं नळकांडीं एकाच पेटींत शेजारीं शेजारीं आहेत. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासेस तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्डचा क्लचहि द्रवाचाच, आणि तिच्याच सांगाड्यावरून पुढल्या वर्षीं विलायतेंत स्पिटफायर ही शर्यती थाटाची गाडी निघाली.

आतां अशी गाडी औंढ्याच्या चढावर थांबली आणि गिअर पडेना, तर काय करावें? एंजिन उतरविण्याची घाई सर्वांत महाग पडते. प्रथम भांड्यांतील द्रव पाहावा. तो कमी असेल तर कोठें तरी बाहेर गळत आहे. गिअरपेटीजवळील खालच्या नळकांड्याची रबरी टोपी उलटून पाहावी, आणि पायडलाच्या मागचा गालिचा बोटानें चांचपावा. द्रव पुरेसा आहे, पायडल मऊ लागतें, पण भराभर दाबल्यावर काम होतें, तर बहुधा आंत हवा आहे. ती काढावी. झटकन् दाबल्यास क्लच सुटतो, परंतु पायडल धरून ठेवतांच हळूहळू खालीं जातें, आणि बाहेर तर थेंबहि नाहीं, तेव्हां वरच्या नळकांड्यांतील वाटी झिजलेली असते. येथें ब्रॅमाचीच अडचण पुन्हां उभी राहते: सावकाश दाबांत झिजलेली कड भिंतीस चिकटत नाहीं, जोराच्या दाबांत चिकटते. उलट क्लच सुटतो पण परत लवकर धरत नाहीं, तर रबरी नळी आंतून फुगून द्रवाची परतीची वाट अडली असल्याचा संशय घ्यावा.

हें सर्व ठीक असेल तर पायडलाची पिन पाहावी. तिचें भोंक झिजून लांबट झालें असल्यास पायाचें दाबणें तेथेंच खर्चीं पडतें, आणि नवें नळकांडें आणूनहि उपयोग होत नाहीं. शेवटीं सोबत्यास पायडल दाबावयास सांगून खालची दांडी किती सरकते तें पट्टीनें मोजावें. एमजीबीसारख्या गाडींत ती सुमारें अर्धा इंच सरकावी. पुरी सरकली आणि गिअर तरीहि कुरकुरला, तरच दोष क्लचच्या चकतींत किंवा बेअरिंगांत मानावा, आणि एंजिन बाहेर काढावयाचें तें त्यानंतर.