भालकीचे जाधव : एक आडनाव, दोन दरबार

बीदर जिल्ह्यातील भालकीचे नाव मराठ्यांच्या इतिहासात वारंवार येते, ते मात्र बहुधा शत्रुपक्षाच्या यादीत. छत्रपतींच्या सेनापतीचा पुत्र निजामाच्या दरबारी गेला आणि त्याच्या जहागिरीत भालकी आली. या एका घटनेमुळे जाधव या आडनावाचे दोन इतिहास झाले. त्यांतला एक पाठ्यपुस्तकांत आला आणि दुसरा सीमाभागात राहून गेला.

सिंदखेडच्या जाधवांनी आपले मूळ देवगिरीच्या यादवांत मानले. यादवचा जाधव होणे भाषेच्या प्रकृतीस धरून आहे. यात्रेची जत्रा आणि यवाचा जव झाला तो तसाच. परंतु शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे वंशावळ नव्हे. देवगिरीची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी लयास गेली. त्यानंतर लखुजी जाधवरावांच्या उदयापर्यंत सुमारे अडीचशे वर्षे लोटली, आणि या दीर्घ अंतरात घराण्याचा धागा परंपरेच्याच आधारे जोडावा लागतो. लखुजींपासून पुढे मात्र भूमी पक्की आहे. जिजाऊंचे हे पिते १६२९ साली दौलताबाद येथे निजामशाही दरबारात पुत्रांसह मारले गेले. त्यांपैकी अचलोजींच्या शाखेतील म्हणून धनाजी जाधव ओळखले जातात. १७०७ साली खेडच्या लढाईच्या प्रसंगी ताराबाईंचा पक्ष सोडून ते शाहू महाराजांना मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांच्याकडे आले. बाळाजी विश्वनाथ हे धनाजींच्या पदरी वसुलाचे काम पाहून वर चढलेले. शाहू महाराजांचा त्यांच्यावर विश्वास वाढू लागला, तसा चंद्रसेनांचा रोषही वाढला. शिकारीत एका हरणावरून दोघांच्या माणसांत तंटा झाला आणि त्यातून युद्ध पेटले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. हरणाची कथा रंजक खरी. पण वसुली कोणाच्या हाती राहावी आणि सेनापतीच्या अधिकाराची मर्यादा कोणती, हा वाद तिच्यामागे उभा होता. १७११ साली बाळाजींना सेनाकर्ते हे पद मिळाले. चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामुल्मुल्काकडे गेले. त्यांच्याविरुद्ध ज्यांना धाडण्यात आले होते ते हैबतराव निंबाळकरही पुढे नाराज होऊन त्याच वाटेने गेले, आणि त्यांच्या पुत्रास निजामाकडून राव रंभा ही पदवी मिळाली. तेव्हा हा केवळ एका रागीट तरुणाचा फितवा नव्हता. साताऱ्याला ज्यांची सोय लागत नव्हती, अशा सरदारांना जवळच दुसरा धनी मिळाला होता.

१७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत चंद्रसेन निजामाच्या बाजूस होते. थोरल्या बाजीरावांच्या विश्वासू सरदारांत मात्र वाघोलीचे पिलाजी जाधव होते. एकच आडनाव दोन्ही छावण्यांत वावरत होते.

चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव यांच्या वाट्याला आणखी विलक्षण प्रसंग आला. १७५७ च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजेने त्यांना वेढले, ते सिंदखेडला. जिजाऊंच्या जन्मगावी, त्यांच्याच माहेरच्या कुळातील पुरुषावर मराठी फौजेचा वेढा पडला! सुटकेसाठी निजामअली धावून आला. तरीही तहात नळदुर्ग पेशव्यांकडे गेला. पुढे १७६१ साली निजामअलीच्या स्वारीत टोक्याची देवळे भ्रष्ट झाली, तेव्हा रामचंद्र जाधव पेशव्यांना येऊन मिळाले. त्यांना दोन्ही बाजूंनी चंचल ठरविले गेले. तथापि ज्याची जहागीर एका राज्यात आणि आप्तस्वकीय दुसऱ्या राज्यात, त्याच्या निष्ठेचे मोजमाप पुण्याच्या किंवा हैदराबादच्या फूटपट्टीने करणे अन्यायाचे होईल.

हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ साली रद्द झाल्या. जर्मनीत १९१९ च्या राज्यघटनेने सरदारवर्गाचे विशेष हक्क काढून घेतले; पदव्या राहिल्या त्या केवळ आडनावाचा भाग म्हणून. आपल्याकडेही सनदा निरर्थक झाल्या आणि आडनावे टिकली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचेच तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले आणि भालकी म्हैसूर राज्यात गेली. निजामाच्या मुलखातील मराठी सरदारांचा इतिहास मग ना धड इकडच्या अभ्यासकांनी मनावर घेतला, ना तिकडच्या.

आज या सीमाभागात जाधव आडनावाचे लोक अनेक समाजांत आढळतात. बंजारा समाजातही ते रूढ आहे. कलबुर्गी मतदारसंघातून २०१९ साली लोकसभेवर निवडून गेलेले डॉ. उमेश जाधव हे त्याच समाजातील. ऑलिंपिकमध्ये १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यामुळे केवळ आडनाव पाहून कोणास सिंदखेडशी अथवा भालकीशी जोडता येत नाही. त्यासाठी वतनाचे कागद, निवाडे आणि इनामपत्रेच पाहावी लागतात, आणि त्यांतले पुष्कळसे मोडीत व फारसीत आहेत.