गावाने ठरवलं म्हणजे नेमकं कोणी ठरवलं?

 

२०१३ सालची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावात एका घराला वाळीत टाकलं होतं. मुलाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं, एवढंच कारण. पिठाच्या गिरणीवर त्यांचं दळण घेत नव्हते, किराणा बंद, शेतात कामाला कोणी बोलवत नव्हतं. मी बातमी केली. सरपंचांशी बोललो, दोन वडीलधाऱ्यांशी बोललो आणि 'ग्रामस्थांचा एकमुखी निर्णय' असं शीर्षक देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दादा, एकमुखी लिवलंय तुमी. मग आमचं घर गावात न्हाई व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकारितेच्या पदविकेला राज्यघटना अभ्यासाला होती. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं पाठ करून पास झालो होतो. पण त्या माउलीचा प्रश्न घटना समितीत थेट चर्चेला आला होता आणि त्यावर चांगलंच वाजलं होतं, हे मला पुढे वाचताना कळलं.

तारीख ४ नोव्हेंबर १९४८. डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडला. भाषण लांबलचक होतं: संघराज्य कसलं, संसदीय पद्धत का, घटनात्मक नीती म्हणजे काय. त्यात मध्येच ते गावाकडे वळले. मसुद्यात गावाला स्थान नाही, अशी तक्रार होत होती. बाबासाहेबांनी ती तक्रार नाकारली नाही. उलट मसुद्याने गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला, याचा आपल्याला आनंद आहे, असं ते म्हणाले. इंग्रज अधिकारी मेटकाफने हिंदुस्थानातल्या खेड्यांना छोटी छोटी प्रजासत्ताकं म्हटलं होतं. गावं टिकली हे खरं, पण कशा पातळीवर टिकली, असा बाबासाहेबांचा सवाल होता. गावगाड्याबद्दल ते जे बोलले ते आजही गावाकडच्या माणसाला झोंबेल. संकुचितपणा, अज्ञान, जातीयता, काहीच राखून ठेवलं नाही.

सभागृहात खळबळ झाली. पुढच्या दिवसांत सदस्यांमागून सदस्य उठले. मध्य प्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत यांनी तर हा शहरी विद्वानाचा दृष्टिकोन आहे, असं तोंडावर सुनावलं. आणि त्यांची बाजूही हलकी नव्हती. स्वातंत्र्याची चळवळ गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या स्वप्नावर पोसलेली. १९४६ मध्येच वर्ध्याच्या श्रीमन्नारायण अग्रवालांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी घटनेचा आराखडा छापला होता, त्याला गांधीजींची प्रस्तावना होती. पाया गावपंचायतीचा, त्यावर एकेक मजला.

आपल्या भागाला तर हे कागदावरचं वाटायचं कारण नाही. औंध संस्थानात ते करून पाहिलं होतं. सूर्यनमस्कारवाले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये स्वतःचे अधिकार प्रजेला देणारी घटना लागू केली. त्यामागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर होता आणि सल्ला खुद्द गांधीजींचा. गावाने पंच निवडायचे, पंचायतीच्या प्रमुखांनी तालुक्याला बसायचं, तालुक्यातून पुढे विधिमंडळात. माणदेशातल्या दुष्काळी गावांनी ब्रिटिश आमदानीत स्वराज्य चालवून दाखवलं, याचा मला आजही अभिमान आहे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच काळातली.

पण औंधमध्ये राजा चांगला होता. गाव चांगलं नसेल तर काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता.

महाडचं उदाहरण घ्या. मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. म्हणजे वर ठराव, खाली ठराव, सगळं रीतसर. तरी २० मार्च १९२७ ला हजारो माणसांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं तेव्हा त्यांची डोकी फुटली, आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. लोकांनी निवडलेली संस्था, लोकांच्या मर्जीने! न्यायालयातून निकाल मिळायला १९३७ उजाडलं. मधल्या काळात, १९३२ मध्ये, मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. प्रत्येक गावात अस्पृश्य थोडे, त्यांना बहुमताच्या हाती कसं सोपवायचं, हा मुद्दा होता.

आता घटनेचं कलम १५ काढून वाचा. कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरापासून अडवता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तळं कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. महाडनंतर हा प्रश्न पडत नाही. आणि तिथे हक्क दिलाय तो नागरिकाला, एकेकट्याला. त्याने आधी गावाची परवानगी आणायची नाही.

तडजोड मात्र झाली. २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांनी राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी वाद न घालता ती स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता न येणारं.

व्यक्ती हा घटक धरायचा म्हटलं की पहिली अडचण आली यादीची. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला १७ कोटींवर मतदार. इंग्रजांच्या काळात मत होतं ते मालमत्ता, शेतसारा, शिक्षण असलेल्या थोड्यांना. आता प्रत्येकाचं नाव हवं. आणि काही भागांतल्या बायका नावच सांगेनात! अमक्याची बायको, तमक्याची आई लिहा म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले. स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यापायी यादीत राहिली नाहीत. वाचताना मला सेन कठोर वाटले. अजूनही थोडे वाटतात, कारण मत त्या बायकांचं गेलं, आणि नाव न सांगायची रीत काही त्यांनी एकट्यांनी पाडली नव्हती. पण पुढच्या निवडणुकांत नावं आली.

गाव घटनेत पुरतं परत आलं ते १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने. पण कसं आलं बघा. ग्रामसभा म्हणजे पार नव्हे, पाटलाचा वाडा नव्हे, भावकी नव्हे. त्या गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत, त्या व्यक्ती मिळून ग्रामसभा. बाबासाहेबांचा घटक तसाच ठेवून संथानम यांचं गाव बांधलं, असं मला वाटतं. घटनातज्ज्ञांनी चूक असेल तर सांगावं.

सगळं सुटलं, असं नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण धार्मिक समूहालाही घटनेने काही हक्क दिलेत. पाच न्यायमूर्तींत एकट्या सरन्यायाधीश सिन्हांचं मत वेगळं पडलं. तो निकाल पुन्हा तपासायचा का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. आपल्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला, तो पुढच्या वर्षी लागू झाला. त्या घराला २०१३ मध्ये त्याचा उपयोग नव्हता. त्यांचं दळण सात-आठ महिने शेजारच्या गावाहून होत होतं.

मावशी अजून त्याच गावात आहेत. गेल्या वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी गेलो होतो. सार्वजनिक नळ दुसऱ्या आळीत हलवायचा विषय निघाला. ग्रामसेवकांनी सवयीने 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आणि वाचून दाखवलं. मावशी मागून उठल्या. "माझा विरोध हाय. तसं लिवा." ग्रामसेवकांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंच खाली बघत होते. मग 'सर्वानुमते' वर रेघ मारली, वर 'बहुमताने' लिहिलं आणि खाली विरोध करणाऱ्याचं पूर्ण नाव.

त्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. इथे लावत नाही. त्यात त्यांचं नाव आहे आणि मी त्यांना अजून विचारलेलं नाही.