थ्री नॉट थ्री : एका स्वस्त रायफलीची गोष्ट

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय तुमच्या आवडीचा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या, बाकांच्या आणि छडीच्या आठवणी इतर मित्र माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी इतिहासातला एक विषय घेतला आहे. तो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेला आहे, पण त्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलं नाही. पंधरा ऑगस्टच्या संचलनात, बँकेच्या दारात, विसर्जनाच्या बंदोबस्तात पोलिसाच्या खांद्यावर दिसायची ती लांब, लाकडी दस्त्याची रायफल. मोठी माणसं तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणायची. आपल्या बॅचमधले काही जण पोलिसात आणि सैन्यात गेले, काहींनी कॉलेजात एनसीसी केली. त्यांना ती ओळखीची असेल. बाकीच्यांसाठी सुरुवातीपासून सांगतो.

रायफल चांगली की वाईट, हे दोन प्रश्नांवर ठरतं. एक, दर वेळी काडतूस न अडकता नळीत जातं का? दोन, गोळी नेम धरला तिथे लागते का? या दोन प्रश्नांच्या मागे गेलं की यंत्राबरोबर आपल्या देशाचाही बराच इतिहास हाती लागतो.

०.३०३ हा नळीच्या आतल्या व्यासाचा इंचातला आकडा, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर. या रायफलीचं मूळ नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला संशोधक. काडतुसं एकावर एक रचून खालून स्प्रिंगने वर ढकलणाऱ्या पेटीचं, म्हणजे मॅगझिनचं, पेटंट त्याने १८७९ मध्ये घेतलं. ब्रिटिश सैन्याने १८९५ मध्ये ली-एनफिल्ड स्वीकारली आणि १९०७ मध्ये तिचा सर्वांत गाजलेला ‘मार्क थ्री’ नमुना आला. दाराची कडी उचलून मागे ओढावी तसा बोल्ट मागे घ्यायचा, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर पडतं. तोच पुढे ढकलला की मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत सरकतं. मॅगझिनमध्ये दहा राउंड बसतात. तयार सैनिक मिनिटाला पंधरा नेमके बार काढत असे.

अडचण काडतुसात होती. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यावी लागते. ती चुकून मागे गेली, तर बोल्ट पुढे जाताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि रायफल जागीच बसते. म्हणून पाच-पाच राउंडच्या पट्टीत कडा ठरलेल्या रीतीने मांडलेल्या असत आणि हाताने भरताना प्रत्येक राउंड पाहून घालावा लागे. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन वाकवलेले ओठ असतात. पेटी पडून ते जरा वाकले किंवा वर्षानुवर्षे दबून स्प्रिंग थकली, तरी काडतूस तिरकं उठतं. याचा अर्थ असा की ‘ही बंदूक अडकते’ या तक्रारीत बऱ्याचदा दोष बंदुकीच्या घडणीचा नसतो. तो भरणाऱ्या हाताचा आणि न तपासलेल्या पेटीचा असतो.

अचूकतेचं गणित याच्या उलट्या बाजूला आहे. काडतूस आणि बोल्ट नळीच्या तोंडाशी जितके घट्ट बसतील, तितकी गोळी दर वेळी सारखी सुटते. पण घट्ट बसवणीत चिखलाचा एक कण गेला तरी बोल्ट अडतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत चिखलच चिखल होता. तिथे ली-एनफिल्ड टिकली, कारण तिची बसवण थोडी सैल होती. नेमबाजीच्या मैदानावर जर्मन माउझरचं यंत्र सरस मानलं जाई, पण चिखलात चालण्याची खात्री ली-एनफिल्डकडे होती. स्वस्त आणि लाखोंनी बनवायच्या शस्त्रात या दोन गुणांचा असा सौदा करावाच लागतो.

तिचा दुसरा नाजूकपणा कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. या रायफलीची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात झाकलेली असते. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हात आकसतं, आणि नळीवरचा त्याचा दाब बदलला की गोळी पडण्याची जागा बदलते. ओल्या हवेत मूर्ती वाळत नाही आणि घाईने रंगवली तर फुटते, हे हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत वाढलेल्या आपल्याला कुणी शिकवायला नको. माती असो की लाकूड, हवामान आपला हिशेब मागतंच.

आणखी एक साम्य आहे. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी प्रत्येकीची वेगळी, हातानेच करावी लागते. या रायफलींचे भागही कारखान्यात हजारोंनी बनत, मात्र बोल्ट प्रत्येक रायफलीला जुळवून बसवला जाई. म्हणून रायफलीचा नंबर बोल्टवरही ठोकलेला असे. सफाईच्या वेळी दोन रायफलींचे बोल्ट बदलले गेले की दोन्हींची अचूकता आणि सुरक्षितता धोक्यात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहत आणि ओल धरून गंज चढवत. त्यामुळे गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतून, मग चिंधी ओढून, तेल द्यायचं असा दंडक होता. दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळी झाकण असे आणि त्याआड चिंधी ओढायची दोरी, म्हणजे पुलथ्रू, आणि तेलाची बाटली ठेवलेली असे. निगा राखण्याचं सामान बंदुकीच्या पोटातच दिलेलं होतं.

आता हिंदुस्थानातल्या कथेकडे येऊ. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलं १८५७ चं प्रकरण आठवा. एनफिल्डच्या जुन्या, तोंडाकडून भरायच्या बंदुकीचं चरबी लावलेलं काडतूस दातांनी तोडायला लागणार, या बातमीने शिपायांत संताप पसरला. म्हणजे काडतूस बंदुकीत कसं भरायचं हाच त्या ठिणगीचा विषय होता. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं ते बराकपूरला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी रायफलींचा कारखाना उभारला तो इशापूरला, बराकपूरच्या अगदी शेजारी. हिंदुस्थानात बनलेल्या ली-एनफिल्ड तिथल्याच.

१८५७ नंतर इंग्रजांचं धोरण स्पष्ट होतं. देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची शस्त्रं द्यायची. बंडानंतर लगेच हिंदी शिपायांसाठी मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका आल्या. नळीतले पिळदार आटे नसले की गोळी गिरकी घेत नाही आणि लांबवर नेम लागत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या घरातलं शस्त्र परवान्याखाली गेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आपल्या शेजारच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके बंडासाठी उभे राहिले.

या अविश्वासाचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिलेली .४१० मस्केट. इशापूरला चांगल्या ली-एनफिल्ड रायफली घेऊन त्यांच्या नळ्या मोठ्या आणि गुळगुळीत केल्या गेल्या आणि मॅगझिनची जागा लाकडी ठोकळ्याने बंद केली. राउंड एकेक करून हाताने घालायचा. बाहेरून पाहिलं तर तीच रायफल. आतून मात्र भरण आणि नेम दोन्ही जाणूनबुजून काढून घेतलेले. हे शस्त्र उद्या आपल्यावरच उलटलं तर, ही भीती त्या ठोकळ्यात होती.

बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं हे आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या डोंगरापाशी पोलिसांचा गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. सरकारी शस्त्राची आपल्या भागातली जुनी ओळख ही अशी आहे.

स्वातंत्र्यानंतर तेच शस्त्र आपलं झालं. १९४८ च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली आणि साध्या घरांतल्या मुलामुलींच्या हाती पहिल्यांदा रायफल आली. ती बहुतेक वेळा .२२ ची, तशाच बोल्टची. पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यांचा ‘ग्रुप’ मोजायचा. त्यात एक सुंदर धडा आहे. पाचही छिद्रं जवळजवळ पण बाजूला पडली, तर नेमबाज बरोबर आहे, समोरची माशी सरकवावी लागेल. छिद्रं विखुरली, तर आधी श्वास, खांदा आणि चापावरचं बोट तपासायचं, मग रायफल. दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची ही शिस्त परीक्षेच्या पेपरपासून संसारापर्यंत कुठेही चालते.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनसमोर आपले जवान बहुतांशी याच .३०३ घेऊन उभे होते. समोर स्वयंचलित शस्त्रं होती आणि आपल्याला प्रत्येक गोळीला बोल्ट ओढावा लागत होता. त्या धक्क्यानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ मध्ये ऐच्छिक झाली. सैन्यात ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल आली. पण ती सगळ्यांना पुरेपर्यंत काय करायचं? इशापूरने जुन्या ली-एनफिल्डचाच साचा घेऊन, जास्त मजबूत पोलादात, ७.६२ च्या काडतुसाची बोल्ट रायफल काढली. तिला टू-ए आणि नंतर टू-ए-वन म्हणत. या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे कडा अडकण्याचा जुना रोगच संपला. मॅगझिन बारा राउंडचं झालं. हाताशी असलेली यंत्रं, ओळखीची घडण आणि माफक खर्च यांतून निघालेलं हे शस्त्र पुढे कित्येक राज्यांच्या पोलिसांनी वापरलं. माझ्या मते स्वस्त रायफल शहाणपणाने कशी करावी याचं हे उत्तम उदाहरण आहे.

मात्र शहाणपण एका पिढीपुरतं पुरतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोन अतिरेक्यांसमोर आपले पोलीस काठ्या आणि .३०३ घेऊन होते. तिथे पन्नासहून अधिक माणसं मेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी जवळ फक्त काठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या पराक्रमापुढे मान झुकतेच, पण प्रश्नही उरतो. ज्याला आपण पुढे पाठवतो त्याच्या हातात आपण काय देतो? १९०७ मध्ये उत्तम असलेली वस्तू शंभर वर्षांनी दिली, तर दोष त्या वस्तूचा नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ ला रीतसर निरोप दिला.

गोष्टीचा एक टप्पा अभिमानाचाही आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. ती रायफल लाखांत जाते, पण तीही .२२ ची, आणि तिच्यातही गोळी एकेक करून हातानेच घालतात. .४१० मस्केटमध्येही गोळी एकेकच घालायची. तिथे कारण अविश्वास होतं, इथे एकाग्रता आहे. यंत्राची रीत एकच, पण माणूस बदलला की तिचा अर्थ किती बदलतो!

म्हणून या सगळ्या इतिहासातून मला एवढंच म्हणायचं आहे. स्वस्त वस्तू भरवशाची असते का, याचं उत्तर त्या वस्तूत पूर्ण मिळत नाही. ती कुणावर किती विश्वास ठेवून दिली, तिची निगा कोण राखतं, आणि तिची वेळ संपल्यावर ती बदलायचं कुणी लक्षात ठेवतं का, यांवर ते ठरतं. आपली शाळाही काही महागडी नव्हती. साधी बाकं, मोजकी पुस्तकं, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती. पण शिक्षकांनी आम्हाला ठोकळा बसवून दिलं नाही, पूर्ण विश्वासाने भरून पाठवलं.