टिकाऊ आणि टेकसइ : बजबजच्या तागगिरण्यांच्या इतिहासातील एक पेच

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बजबज इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने १९१४ मधील कोमागाता मारू प्रकरणामुळे परिचित आहे. याच काठावर तागाच्या गिरण्या (बंगालीत चटकल) आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खनिज तेलाची कोठारे एकमेकांच्या शेजारी वाढली. निसर्गात विरून जाणारा तंतू आणि खनिज तेल यांचे हे शेजारपण केवळ भौगोलिक नाही. पर्यावरणाला पोषक असे उत्पादन हाती असूनही एखाद्या उद्योगाला स्वतःत बदल घडविणे का जड जाते, याचा एक धागा त्यात सापडतो.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा रूढ झाली असली, तरी तिच्या जोडीला ‘टिकाऊ’ हा शब्दही वापरला जातो. बंगालीत, विशेषतः बांगलादेशात, ‘टेकसइ’ हा शब्द याच अर्थी प्रचलित आहे. दोन्ही शब्दांचा मूळ रोख वस्तूच्या टिकण्यावर आहे. परंतु या निकषाने प्लास्टिकचे पोतेच अधिक टिकाऊ ठरेल. ते कुजत नाही. गोणपाट कुजते आणि त्याचे कुजणे हाच त्याचा गुण. (मराठीत ‘ताग’ म्हणजे हिरवळीच्या खताचे पीकही, बंगालचा ‘पाट’ ही वनस्पती निराळी. मराठी वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो.)

तथापि गोणपाट तरी निर्भेळ होते काय? तागाचा तंतू मुळात राठ. यंत्रावर कातण्यापूर्वी त्याला तेल आणि पाणी पाजून मऊ करावे लागते. स्कॉटलंडमधील डंडी येथे १८३० च्या दशकात देवमाशाच्या तेलाने ही अडचण दूर झाली आणि तागाचा यंत्रोद्योग उभा राहिला. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे बंगालची पहिली तागगिरणी निघाली. पुढे या कामी स्वस्त खनिज तेल आले. किराणा दुकानातील पोत्यांना येणारा रॉकेलसारखा दर्प अनेकांच्या स्मरणात असेल. तो या तेलाचा. ज्या तंतूची थोरवी त्याच्या निसर्गजन्यतेत, त्याच्या अंगीच खनिज तेल मुरले होते. हे तेल पोत्यातील कोको-कॉफीत उतरते, अशी हरकत युरोपातील खरेदीदारांनी घेतल्यावर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने अन्नपदार्थांच्या पोत्यांसाठी मानक ठरविले : अशा अंशांचे प्रमाण किलोमागे १२५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. भाताच्या कोंड्याचे तेल हा पर्याय उपलब्ध होता. म्हणजे अडचण ज्ञानाची नव्हती; ग्राहकाने आग्रह धरला तेथे सुधारणेची वाट निघाली.

देशातील ग्राहकाची गोष्ट वेगळी आहे. १९८७ च्या कायद्याने ठराविक मालासाठी तागाची पोती सक्तीची केली. सिमेंट कंपन्यांनी त्याला आव्हान दिले, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पुढे सिमेंट आणि खते सक्तीतून सुटली. धान्य आणि साखर राहिली. २०२३-२४ साठी धान्याचे १०० टक्के आणि साखरेचे २० टक्के असे प्रमाण मंजूर झाले. केंद्र शासनाच्या त्या वेळच्या निवेदनानुसार या उद्योगाच्या उत्पादनापैकी ७५ टक्के पोतीच असतात आणि त्यांतील ८५ टक्के शासकीय धान्यखरेदीला जातात. त्यांचा भाव ज्यूट कमिशनरच्या कार्यालयाकडून ठरतो. खरेदीदार निश्चित, भाव निश्चित. मग नवे यंत्र किंवा निराळे तेल यांवर कोणती गिरणी आपण होऊन खर्च करील? गिरणीमालकांच्या नीतिमत्तेवर सारा दोष टाकणे सोपे आहे, परंतु प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो.

या गिरण्यांकडे साहित्याने निराळ्या बाजूने पाहिले. शरच्चंद्रांच्या ‘महेश’ कथेतील गफूर, बैल मेल्यावर, मुलीचा हात धरून चटकलीच्या वाटेला लागतो. तेथे चटकल म्हणजे गाव सुटल्याची खूण. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील कामगारही गिरणीत काय विणले जाते यापेक्षा तेथे काय सोसले जाते, हेच सांगतो. हे योग्यच होते. मात्र त्यामुळे पोत्याचा स्वतःचा इतिहास, त्यातील तेलासह, साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला.

महाराष्ट्राचा संबंध साखरेमुळे येतो. साखर उद्योगाने या सक्तीला वेळोवेळी विरोध केला : तागाचे पोते महाग पडते, ओल धरते, त्याचे तंतू साखरेत मिसळतात. या तक्रारी निराधार नाहीत. पण ग्राहक नाराज, तो कायद्याने बांधलेला, म्हणून गिरणी निश्चिंत. आणि गिरणी बदलत नाही म्हणून ग्राहक अधिकच नाराज, असे हे चक्र आहे. सक्ती काढून ते तोडावे, असे सुचविले जाते. शासकीय आकड्यांनुसार या उद्योगावर सुमारे ३.७ लाख कामगार आणि ४० लाख शेतकरी कुटुंबे अवलंबून आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात ज्या वेगाने गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, ते पाहिलेल्या मराठी अभ्यासकाला ही सूचना सहजासहजी मान्य करता येत नाही.