मोन बेटावरचा चंदेरी पहारेकरी

थांबवा ती फीत. चाळीस-पन्नास खलाशी दोरखंड धरून उभे आहेत, त्यांच्या डोक्यावर एक अजस्र फुगा डुलतोय, आणि बांधापलीकडून लांब झग्यातल्या दोन बायका थेट तुमच्याकडेच बघताहेत. तिथूनच आत शिरा.

1918 चा उन्हाळा. वेल्सच्या वायव्य टोकाचं अँगलसी बेट. इथली माणसं त्याला मोन म्हणतात. आत आल्याबरोबर तुम्ही वर बघता, तर आकाश निळं! फितीत ते पांढरंफटक होतं, कारण त्या काळच्या फिल्मला निळ्यातलं आणि पांढऱ्यातलं अंतर फारसं कळत नाही, आणि लाल रंग ती सरळ काळा करून टाकते. फुग्याच्या शेपटीवरचे पट्टे खरे तर लाल, पांढरे, निळे आहेत. फुगा स्वतः चंदेरी. उन्हानं आतला वायू तापू नये म्हणून कापडावर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेलं रोगण चढवलंय. जवळ गेलात की त्याचा उग्र वास नाकात बसतो.

काडेपेटी खिशात असेल तर फाटकाबाहेर ठेवून या. वर दोन हजार घनमीटर हायड्रोजन आहे.

ही नौदलाची ‘सी स्काउट झीरो’, थोडक्यात एसएसझेड, जातीची एअरशिप. लांबी सुमारे 44 मीटर, म्हणजे एसटीच्या चार गाड्या एकामागे एक लावाव्यात तेवढी. खाली लटकते ती नुसती होडी. प्रसंग आलाच तर पाण्यावर तरंगेल अशीच ती बांधली आहे. पुढे वायरलेसवाला, मध्ये पायलट, मागे मेकॅनिक, आणि त्याच्या पाठीशी 75 अश्वशक्तीचं रोल्स-रॉइस इंजिन. वर छप्पर नाही. वेताच्या टोपलीत कबुतरं आहेत, वायरलेस बंद पडलाच तर निरोप नेण्यासाठी. आता तुम्हीही त्या मधल्या खोबणीत अंग चोरून बसा. हुकूम सुटतो, हात दोर सोडतात, आणि जमीन आपणहून खाली जाऊ लागते.

खाली दगडी बांधांची शेतं, पवनचक्क्या, चॅपल, मेंढरं. वेल्सची आई म्हणतात या बेटाला, कारण धान्य पुरवायचं ते यानंच. बांधावरच्या त्या बायका वेल्श बोलताहेत, तुमच्या होडीत मात्र सगळा कारभार इंग्रजी. याच बेटावर, लानवायरपुल गावात, सप्टेंबर 1915 मध्ये ब्रिटनमधलं पहिलं ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ सुरू झालं. लान्गेव्नीजवळचा हा एअरशिप-तळही त्याच महिन्यातला. हा योगायोग मला साधा वाटत नाही. जर्मन पाणबुड्या अन्नाची जहाजं बुडवत होत्या. एकीकडे बायका भाज्या पिकवायला, फळं टिकवायला एकत्र आल्या आणि दुसरीकडे आकाशात पहारा बसला. लढाई एकच, भाकरीची.

मग तास न् तास पाणी. आयरिश समुद्र, लिव्हरपूलकडे निघालेली जहाजं, आणि डोळ्यांवर ताण. वारा हाडांत शिरतो, पण इथून उठून जायचं कुठे? काहीच घडत नाही. फीत बघणारे हमखास विचारतात, या फुग्यानं केलं तरी काय? अहो, काही घडत नाही हेच त्याचं काम! एअरशिप दिसली की पाणबुडीला बुडी मारावी लागते, आणि पाण्याखाली तिचा वेग इतका मंदावतो की जहाज हातचं निसटतं. शेतावरच्या राखणदाराचं यश उरलेल्या पिकात मोजतात, मारलेल्या पाखरांत नव्हे.

पहारा काही अभेद्य नव्हता. 10 ऑक्टोबर 1918 ला डब्लिनहून या बेटावरच्या होलीहेड बंदराकडे निघालेली डाकबोट ‘लेन्स्टर’ पाणबुडीनं फोडली. पाचशेहून अधिक माणसं गेली. खलाशांत होलीहेडचे कितीतरी होते. महिनाभरात युद्ध संपलं.

आता शेवटची फेरी. युद्ध थांबलंय, तळाचा प्रमुख विशी नुकतीच ओलांडलेला तरुण आहे, आणि त्याला हुक्की आली आहे. ‘एसएसझेड 73’ मेनाय सामुद्रधुनीवर खाली, आणखी खाली येते. समोर अभियंता टेलफर्डचा 1826 सालचा झुलता पूल, पाण्यापासून तीस मीटर उंच. फुगा आणि होडी मिळून चौदा मीटरच्या आसपास. वर लोखंडी साखळदंड, खाली भोवऱ्यांसाठी बदनाम पाणी, आणि मधल्या पोकळीतून हायड्रोजननं भरलेलं हे धूड. वाऱ्याचा एक झोत पुरला असता. पुलाची सावली अंगावरून सरकते आणि तुम्ही पलीकडे!

शुद्ध आगाऊपणा होता हा, दुसरा शब्द नाही. पण त्या तरुणाचं नाव लक्षात ठेवा : थॉमस एल्महर्स्ट. रवींद्रनाथांबरोबर श्रीनिकेतन उभं करणाऱ्या लिओनार्ड एल्महर्स्ट यांचा हा धाकटा भाऊ. 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र भारताच्या हवाई दलाची सूत्रं ज्यांच्या हाती आली, ते पहिले प्रमुख एअर मार्शल सर थॉमस एल्महर्स्ट म्हणजे हेच.