गोतसभेचा डाव

अंथुर्णे हे गाव ज्या इंदापूर परगण्यात मोडते, तेथे पेशवाईच्या काळात पाटीलकीचा, बांधाचा वा शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो बहुधा गोतापुढे येई. आणि हे गोत म्हणजे केवळ भाऊबंद नव्हेत, तर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत पंचक्रोशीतील वतनदारांची सभा असे. वादी-प्रतिवादींकडून तकरीर म्हणजे लेखी कैफियत, निवाडा मान्य करण्याचा राजीनामा व जामीन घेऊन मग साक्षीपुरावा होई, आणि निर्णय ठरला की महजर म्हणजे निवाडापत्र लिहिले जाई, ज्याच्या अखेरीस पाटलाचा नांगर, परटाची मोगरी, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे. पण मला अधिक नवल वाटते ते हरणाऱ्याकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या येजितखताचे, कारण पराभव स्वतःच्या नावे कबूल करणाऱ्यास तोच वाद पुन्हा उकरून काढणे कठीण जाई. अर्थात स्त्रियांना आणि वतन नसलेल्या उपऱ्याला तेथे क्वचितच स्थान असे, तेव्हा या सभेला आदर्श लोकशाही म्हणणे भाबडेपणाचे होईल.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने न्यायनिवाड्याची ही पंचायत टिकवण्याचा प्रयत्न करून पाहिला, परंतु १८२७ च्या कायदेसंहितेनंतर अदालतीपुढे ती मागे पडली. त्यातच गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या जमीनमोजणीचा आरंभ याच इंदापूर तालुक्यात केला. १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीने बसवलेल्या जमाबंदीत प्रत्येक खातेदार साऱ्यासाठी सरकारशी एकटा बांधला गेला, आणि गावाने एकत्र बसण्याचे एक सबळ कारणच नाहीसे झाले. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभा कायद्यात आली खरी, पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीचीही अट उरत नाही!

म्हणून अंथुर्ण्याच्या शिक्षकांस एक सूचना करावीशी वाटते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून एक कल्पित तंटा रचावा, वर्गातील मुलामुलींना सोंगे वाटून द्यावीत, आणि तोच तंटा एकदा वर केलेले हात मोजून व एकदा गोतसभेच्या रीतीने, राजीनाम्यापासून येजितखतापर्यंत, तोडून पाहावा. या वेळी मात्र मुलींना आणि भूमिहीनांनाही निशाणी द्यावी, आणि कोणत्या डावात हरलेला पक्ष मुकाट्याने निकाल पाळतो, हे मुलांकडूनच लिहून घ्यावे.