वळिवड्याचा पाच वर्षांचा मुक्काम



पाचगणी म्हटलं की आपल्याला टेबल लँड आठवतं, मोठमोठ्या शाळा आठवतात, स्ट्रॉबेरी आठवते. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात मात्र पाचगणीचं नाव निघालं की आधी आठवायचे ते क्षयाचे दवाखाने. क्षयावर गोळ्या नव्हत्या तेव्हा. चांगली हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंडी, एवढाच इलाज. बेल एअरचा दवाखाना १९१२ सालापासून त्यासाठीच चालत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच हवेसाठी पाचगणीत फार लांबून आलेली माणसं ठेवली होती. ती होती पोलंड देशातली, बहुतेक मुलं आणि बाया. छाती कमजोर झालेली, उपासमारीतून वाचलेली. त्यांच्यासाठी पाचगणीत आरोग्यकेंद्र काढलं होतं. पाचगणीला ती आली दुखणं घेऊन. त्यांचा मोठा मुक्काम होता कोल्हापूरजवळ, वळिवड्याला. आजची गोष्ट त्या मुक्कामाची आहे.

ही माणसं इथे कशी आली ते आधी सांगते. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. रशियाच्या हाती जो भाग गेला, तिथली कुटुंबंच्या कुटुंबं १९४० पासून घराबाहेर काढून मालगाड्यांत भरली आणि सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. खुद्द सोव्हिएत कागदपत्रांतही हा आकडा तीन लाखांच्या वर जातो. पहिली मोठी उचल फेब्रुवारीत, ऐन थंडीत झाली. पहाटे दार वाजायचं आणि थोड्या वेळात जे बांधून होईल तेवढंच बरोबर. एखाद्या बाईनं शिवणयंत्र उचललं, एखादीनं पिठाची पिशवी. ज्यांना नीट विचार करायला वेळ मिळाला नाही त्यांचे हाल जास्त झाले. बायांना लाकूडतोडीला, शेतावर, कारखान्यात जुंपलं. कितीतरी मुलं गेली.

मग १९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावरच उलटला. रशियाला मित्र हवे झाले, तेव्हा या पोलिश लोकांना मोकळं केलं. त्यांच्यातल्या पुरुषांची फौज उभी राहिली, आणि १९४२ मध्ये ती फौज नि तिच्याबरोबर जमेल तेवढ्या बाया-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. एक लाखाच्या वर माणसं होती ती. फौज पुढे लढाईवर गेली. मागे राहिलेल्या बाया-मुलांचं काय करायचं? इराणात कायम ठेवणं शक्य नव्हतं, पोलंड तर शत्रूच्या ताब्यात. म्हणून त्यांना जगभर वाटून दिलं. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, सातशेच्या वर मुलं न्यूझीलंडला, आणि काही हजार आपल्याकडे.

आपल्याकडे आधी मुलंच आली, १९४२ मध्ये. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला त्यांची सोय केली. ती गोष्ट खूप गाजलेली आहे. वळिवड्याची छावणी तिच्या कितीतरी पट मोठी, साधारण पाच हजारांची, पण तिचं नाव कमी ऐकू येतं. राजानं लेकरं पोटाशी धरली ही गोष्ट सांगायला गोड लागते, म्हणून असं होत असावं. वळिवड्याला जागा कोल्हापूर संस्थानातली, छावणी उभारली हिंदुस्थान सरकारनं आणि रोजचा खर्च चालायचा तो लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या परागंदा सरकारच्या नावावर. म्हणजे इथे दानापेक्षा हिशेब जास्त होता. तो हिशेब पुढे महत्त्वाचा ठरला.

१९४३ च्या मध्यापासून आगगाड्या यायला लागल्या. कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून थेट वळिवडे. लांबच लांब बराकी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं. प्रत्येक कुटुंबाला आपली खोली आणि स्वयंपाकाची जागा. दरडोई महिन्याचे थोडे पैसे हातात मिळायचे आणि बाया बाजार करून आपापलं शिजवायच्या. मला वाटतं, या छावणीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. रांगेत ताट धरून उभं राहणं वेगळं आणि आपल्या चुलीवर आपल्या मनानं भाजी टाकणं वेगळं. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले तिथे जायचे आणि पोरांबरोबर राहून राहून पोलिश बोलायला लागले होते.

पुरुष जवळजवळ नव्हतेच, होते ते म्हातारे आणि आजारी. त्यामुळे शाळांत शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या, शिवण-भरतकामाच्या कारखान्यात बसणाऱ्या बहुतेक बायाच. सहकारी तत्त्वावर दुकान होतं, चर्च होतं, नाटकं व्हायची, पोरं पंचगंगेत पोहायची. पहिलीपासून वरच्या शाळेपर्यंत सगळं शिक्षण पोलिश भाषेत. कारण सगळ्यांना खात्री होती की युद्ध संपलं की घरी जायचं. म्हणून इथली भाषा शिकायची, इथे जमीन बघायची, असा विचारच नव्हता. पाच वर्षं राहिल्या त्या बाया, पण मनानं फलाटावरच बसून होत्या.

त्यांचे नवरे, भाऊ, मुलगे तिकडे इटलीत इंग्रजांच्या बाजूनं लढत होते. १९४४ च्या मे महिन्यात मोंटे कॅसिनोचा डोंगर पोलिश फौजेनं घेतला. त्या विजयाबरोबर मेलेल्यांची बातमीही यायची.

आणि मग युद्ध जिंकलं. जिंकलं ते, पण घर गेलं. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा इथे तीन बड्या देशांनी नकाशा ठरवला आणि पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियाला देऊन टाकला. वळिवड्यातल्या बहुतेक बायांची गावं त्याच भागातली. आज ती युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया या देशांत आहेत. जुलै १९४५ मध्ये इंग्रजांनी लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्यांच्या नावावर खर्च चालायचा ते सरकारच कागदावरून पुसलं गेलं. छावणी आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या हाती गेली आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला: तुम्ही कुठे जाणार?

आपल्या सातारा जिल्ह्यात कोयनेची धरणग्रस्त कुटुंबं आहेत. गाव पाण्याखाली जाण्याचं दुःख त्या बायांना कुणी शिकवायला नको. पण धरणग्रस्त बाई कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊ शकते, कारण ती या देशाची आहे. वळिवड्याच्या बाईनं कुणाच्या दारात बसायचं? जुना देश तिच्या गावापुरता उरला नव्हता, इथल्या सरकारसाठी ती पाहुणी, आणि पाहुणचार करणारे इंग्रज स्वतःच गाशा गुंडाळत होते.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याच सुमारास पांगापांग सुरू झाली आणि १९४८ च्या सुरुवातीपर्यंत छावणी रिकामी झाली. ज्यांचं माणूस फौजेत होतं त्यांना बहुधा इंग्लंड मिळालं. ज्यांचं नव्हतं त्यांतल्या पुष्कळांना आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावणीत पाठवलं, म्हणजे पुन्हा वाट बघणं. नव्या पोलंडला परत गेले ते थोडे. काही मुलींनी इथल्या माणसांशी लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. या सगळ्यांसाठी रेडक्रॉसचं काम करणाऱ्या किरा बानासिंस्का, मुंबईतल्या पोलिश वकिलाच्या पत्नी, त्याही परत गेल्या नाहीत, भारतातच राहिल्या.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. त्याच १९४८ मध्ये सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं तिथे उतरली. तीच कौलं, तेच तट्टे. त्या वस्तीला नाव दिलं गांधीनगर. त्यांनीही कमी सोसलं नव्हतं. फरक पडला तो कागदानं. १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेल्यांना आपल्या घटनेच्या सहाव्या कलमानं नागरिक मानलं, नंतर आलेल्यांना नोंदणीची वाट ठेवली. हक्काचं नागरिकत्व मिळालं की माणूस भिंत पक्की करतो, दुकान टाकतो. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला जातो ना, ते हेच. इतर देशांतून आलेल्या निर्वासितांसाठी मात्र आपल्याकडे आजही वेगळा कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरही भारतानं सही केलेली नाही. कुणाला आसरा मिळतो, कुणाला नाही, ते त्या त्या वेळच्या सरकारच्या मनावर असतं.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे, २०१९ मध्ये वळिवड्यालाही एक स्तंभ उभा राहिला. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आणि घरी जायची वाट बघता बघता जे इथेच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.